साध्या-भारीतला फरक

आमच्या मामांनी जन्मात कुणावर विश्वास टाकला नाही. हे ते स्वतःच छाती पुढे काढून सांगत, त्यामुळे आम्हीही त्या सांगण्यावर पुरता विश्वास ठेवत नसू. आष्टीच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यावर बसल्या जागेवरून त्यांना सगळं जग आपल्याला फसवायलाच निघालेलं दिसायचं. दूध ते म्हशीसमोर उकिडवे बसून, डोळ्यांदेखत काढून घेत, आणि बादली भरली की गवळ्याला विचारत, "पाणी किती घातलं?" गवळी एकदा वैतागून म्हणाला की मालक, आता म्हशीलाच विचारा. मामा खरोखर थोडा वेळ म्हशीकडं रोखून पाहत उभे राहिले. एसटीत बसले की तिकीट दोन्ही बाजूंनी वाचायचे, गाडी कुठं चालली हे कंडक्टरला विचारायचे, आणि कंडक्टरनं सांगितलेलं ड्रायव्हरकडून पक्कं करून घ्यायचे. रेडिओवर वेळ सांगितली की मनगटावरच्या घड्याळाकडं पाहून म्हणायचे, "रेडिओ पुढं चालून राह्यलाय." मामीनं चहात साखर टाकल्याचं सांगितलं तरी आधी चमच्यानं तळ ढवळून बघायचे. मामी बिचारी सवयीनं चमचा बशीत घालूनच चहा आणायची.

पण मामांचा संशय खऱ्या अर्थानं फुलायचा तो पेट्रोलपंपावर. त्यांच्याकडं एक जुनी स्कूटर होती. उभी असतानाही ती जरा डावीकडं कललेली असायची. पंपावर गेले की आधी मशीनचा आकडा शून्यावर आहे का ते वाकून पाहायचे, मग चष्मा पुसून पुन्हा पाहायचे. खिशात टिपकागदाचा तुकडा असायचा. त्यावर पेट्रोलचा थेंब पाडायला लावायचे, तो वाळेपर्यंत फुंकर मारायची आणि कागद उन्हात धरून डाग राहिलाय का ते पाहायचं, कारण भेसळ असली की डाग राहतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ज्यानं सांगितलं त्याच्यावर त्यांनी विश्वास कसा ठेवला, हे मात्र मला आजतागायत कळलेलं नाही. मग पाच लिटरचं माप मागायचे. मागं फटफट्यांची रांग लागायची, लोक हॉर्न वाजवायचे, आणि एवढं सगळं करून मामा स्कूटरमध्ये एक लिटर टाकायचे. त्यांच्यासोबत पंपावर जायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

नवं शतक लागून दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा पंपांच्या पाट्यांवर पेट्रोलचे दोन भाव दिसायला लागले. एक साधं, एक भारी. भारीनं गाडी जोरात पळते, इंजिन साफ राहतं, अशी चित्रं लागली. ज्याची हयातभर वाट पाहिली तो चोर जणू मामांना सापडला. एके दिवशी टँकर यायच्या वेळेला ते पंपासमोरच्या लिंबाखाली जाऊन बसले आणि पाइप कुठून निघतो, कुठं जातो ते बघत राहिले. परत येऊन मला म्हणाले, "टँकर एक, ड्रायव्हर एक, नंबर एक. अन् भाव दोन. मी डोळ्यानं पाह्यलंय." मी म्हटलं, मामा, रंग तर वेगळा असतो ना. तर म्हणाले, रंग बर्फाच्या गोळ्याला बी असतो.

पुढं तो फरक वाढायला लागला. मामा तो रुपयांत मोजत नसत. पंपाशेजारच्या हॉटेलातल्या जिनसांत मोजत. सुरुवातीला दोन्ही भावांत एका काडीपेटीचा फरक होता. मग हाफ चहाचा झाला, मग फुल चहाचा, आणि ज्या दिवशी तो भज्याच्या प्लेटीपाशी पोचला त्या दिवशी मामांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून ते सांगितलं. त्यावर त्यांचा एक सिद्धांतही तयार झाला होता. "खरा फरक जागच्या जागी राह्यतो," ते म्हणायचे. "खोटा असला तरच वाढत जातो. त्याला धरून ठेवायला खाली काई नसतं ना." हे वाक्य मी जालन्याला माझ्या ऑफिसात दोन-तीनदा माझं म्हणून वापरलं आहे, आणि लोकांनी माना डोलावल्या आहेत.

एवढी पक्की खात्री मामांना कुठून आली, असं कुणी विचारलं असतं तर आमच्या घरातल्या कुणीही दुकानातल्या फळीकडं बोट दाखवलं असतं. तिथं तूरदाळीचे दोन डबे शेजारी शेजारी असत. एकावर 'साधी', एकावर 'निवडक'. निवडक दाळ किलोमागं दोन रुपयांनी महाग. आणि दोन्ही दाळी, आता सांगायला हरकत नाही, एकाच पोत्यातल्या. पोतं फोडलं की अर्धी दाळ सरळ साध्या डब्यात जायची आणि अर्धी मामांची मुलगी मनीषा संध्याकाळी सुपात घेऊन बसायची, खडे, टरफलं, काळे दाणे वेचून काढायची आणि दुसऱ्या डब्यात भरायची. शाळेत होती तेव्हापासून तिचं ते काम. मामांच्या हिशेबी ते काम नव्हतंच. पोरगी बसल्या बसल्या करती, त्याला काय लागतं, असं त्यांचं म्हणणं. मग वरचे दोन रुपये ही आपली दुकानदारीची हुशारी. आपल्याला जी जमते ती मोठ्या कंपनीला जमत नसंल काय, एवढाच त्यांचा मुद्दा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मनीषाचं लग्न मात्र या संशयात अडकून पडलं होतं. पहिलं स्थळ मामांनी मोडलं, कारण मुलाचा भांग फारच सरळ होता. दुसरा नोकरीवाला होता, पण कागदपत्रं न मागताच घेऊन आला. न मागता दाखवतोय म्हणजे मागितल्यावर दाखवण्यासारखं दुसरंच काहीतरी असणार, असं म्हणून मामांनी त्यालाही वाटेला लावलं. मग तिसरं स्थळ आलं, वडीगोद्रीचं. मुलाच्या वडलांचा हायवेला पेट्रोलपंप होता आणि मुलगाच तो सांभाळत होता. मला वाटलं, झालं कल्याण. पण मनीषानं मला परसात गाठलं. मैत्रिणीच्या लग्नात तिनं त्याला पाहिलं होतं. शेवटच्या पंगतीतल्या बाया जेवून उठेपर्यंत तो वाढत होता, स्वतः जेवला नव्हता, एवढंच तिला माहीत होतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं. "दादा, ह्या खेपंला आबाला आवर," ती म्हणाली. "हे मोडलं तर मला पुढं कुणी दाखवू नका." असं ती आधी कधी बोलली नव्हती.

मामांना आवरणं माझ्या हातात नव्हतं. पाहायचा कार्यक्रम ठरला त्याच्या आधीच ते डोक्याला रुमाल गुंडाळून, मला मागं बसवून, ओळख न देता वडीगोद्रीला निघाले. एवढ्या लांबवर ती स्कूटर पोचली हाच मोठा चमत्कार. मुलगा पंपावरच होता. मामांनी शून्य पाहिलं, पुन्हा पाहिलं. टिपकागद काढायला खिशात हात घातला तर मुलानंच आतून कोरा कागद आणून पुढं केला. माप मागितलं, तर मापही आणलं. मागं एक जीपवाला ओरडायला लागला, त्याला हा शांतपणे म्हणाला की काकांचं होऊ द्या. शेवटी मामांनी ठेवणीतला प्रश्न काढला, साधं टाकू की भारी. मुलानं स्कूटरकडं एक नजर टाकली. "काका, हिला साधंच टाका," तो म्हणाला. "भारीचा हिला काई उपयोग न्हाई. उगं खर्च."

परतताना कुंभार पिंपळगाव लागलं. तिथं चहाला थांबलो तेव्हा मामा म्हणाले, "दुकानदार असून महाग माल विकत न्हाई. बराबर न्हाई हे. काईतरी मोठं लपवून राह्यलाय." मी कपाळाला हात लावला.

ठरल्या दिवशी मुलगा आणि त्याचे वडील आष्टीला आले. बैठक दुकानाच्या मागच्या खोलीत, मधलं दार उघडं. मुलानं मामांना ओळखलं हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, पण त्यानं ओळख दाखवली नाही. ख्यालीखुशाली झाली, पाऊसपाणी झालं, आणि मामांनी सरळ सुरुवात केली. दोन्ही पेट्रोलं एकाच टँकरमधून येतात का? मुलगा म्हणाला, येतात, टँकर एकच, आत कप्पे वेगळे. मग फरक कशाचा? तो म्हणाला की भारीत इंजिन साफ ठेवायचं औषध असतं असं कंपनी सांगते.

"अन् तू काय सांगतो?" मामा म्हणाले.

"मी ते बनवताना पाह्यलं न्हाई, मामा. पाह्यलं न्हाई ते कसं सांगू?"

मुलाचे वडील अस्वस्थ होऊन पोराकडं बघायला लागले, पंपवाल्यानं असं बोलायचं असतं का म्हणून. तेवढ्यात मुलाची नजर उघड्या दारातून दुकानातल्या फळीवर गेली. त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, त्यात टोमणा असा नव्हता, "मामा, तुमच्या ह्या दोन दाळी वेगवेगळ्या पोत्यातल्या का?"

आतल्या दारात मनीषा पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता मामा उठतात आणि सोयरीक संपते. ज्याला हयातभर कुणी तपासलं नव्हतं त्याला आज त्याच्याच घरात मापाला लावलं होतं. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"एकाच पोत्यातल्या," ते म्हणाले.

"मंग फरक कशाचा?"

मामांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला तर बिलकुल विचारलं नव्हतं. त्यांनी दाराकडं पाहिलं. ट्रे धरलेल्या मनीषाच्या हातांकडं ते बराच वेळ पाहत राहिले.

"फरक," ते हळू आवाजात म्हणाले, "हिच्या हाताचा हाय."

मुलगाही तिकडं पाहत होता. म्हणाला, "मंग फरक लई कमी लावलाय तुम्ही."

मामी पदर डोळ्याला लावून आत गेली. मी उठून मनीषाच्या हातातला ट्रे घेतला आणि उगाच पोह्यांत लिंबू पिळत बसलो. लग्न तिथंच ठरलं. अर्थात मामांनी मुहूर्त दोन भटजींकडून वेगवेगळा काढून घेतला आणि दोन्ही जुळल्यावर त्या दोघांचं आपसात काही ठरलंय का याची चौकशी केली, पण ते चालायचंच. लग्नात मनीषा गाडीत बसली. मामांनी ड्रायव्हरला गाडी कुठं चालली हे दोनदा विचारून घेतलं.

पुढं एकदा दिवाळीनंतर मी आष्टीला गेलो. मामा तसेच होते. जावयाच्या पंपावर गेले तरी शून्य पाहतात, कागद लावतात, आणि जावई हसत हसत माप काढून देतो, असं मामी सांगत होती. पाटीवरचा फरक आता भज्याच्या प्लेटीच्याही पुढं गेला होता, पण त्याबद्दल मामा काही बोलेनात. फळीकडं नजर गेली तर तूरदाळीचा एकच डबा. निवडक लिहिलेला डबा पालथा घालून ठेवलेला. मी विचारलं, तर मामा पुडी बांधता बांधता म्हणाले, निवडणारी गेली, आता एकच भाव. मामीनं निवडायला घेतली होती, पण तिला आता बारीक दिसत नाही. गडी लावावा तर गड्यावर विश्वास कुणी ठेवायचा.

आम्ही जेवायला बसलो. वरण-भात होता. दुसऱ्याच घासाला मामांच्या दाताखाली कचकन खडा आला. मी आणि मामी दोघंही थांबलो, कारण असा खडा म्हणजे मामांच्या घरात पूर्वी गिरणीवाल्यापासून मापाड्यापर्यंत सगळ्यांची झडती असायची. मामांनी खडा बोटावर घेतला, उजेडात धरून पाहिला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला. मग भात कालवत, माझ्याकडं न पाहता म्हणाले,

"खरा होता रे फरक. अन् वाढूनच राह्यलाय."