रस्त्याच्या वरचा मळा

कॉर्वेल गावात लेओंतीन पेराशोंच्या तोंडाला लागायला कुणी धजावत नसे. साठी उलटली तरी छाटणीच्या दिवसांत ती गड्यांच्या पुढे एक ओळ असायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मळा सांभाळला तर वर्षाला पिंपं भरतात, नवरा सांभाळून काय भरतं?" रस्त्याच्या वरचा ग्रिवेल नावाचा द्राक्षमळा बापाने तिला दिला होता, खालचा धाकट्या भावाला, आंतेल्मला. दोन्हीकडे तीच माती, तेच चुनखडीचे दगड, तेच सकाळचं ऊन.

१९३७ साली सरकारने ठरवलं की बाटलीवर गावाचं नाव कुणी लावायचं याला आता कायदा असेल. कायदा हवा म्हणून सगळ्यात जास्त ओरडली होती ती लेओंतीनच. भामटे लोक दक्षिणेतली पाणचट वाइन आणून तिच्यावर कॉर्वेलची चिठ्ठी डकवायचे, आणि हिचा जीव जळायचा. आता समिती येणार, माती बघणार, नकाशावर रेघ ओढणार. रेघेच्या आत पिकेल ती कॉर्वेलची वाइन, बाहेर पिकेल ती नुसती वाइन. नुसत्या वाइनच्या पिंपाला व्यापारी नाकसुद्धा लावणार नव्हता.

त्या जागेवर वाडवडिलांपासून अखंड वेली असल्या पाहिजेत, असाही एक नियम होता. त्यासाठी गावातल्या जुन्या जाणत्यांना विचारायचं होतं. बायकांना बोलावणं नव्हतं, मळा बाईचा असला तरी. "ताई, तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना," आंतेल्म म्हणाला. बैठकीच्या दिवशी त्याच्या सदऱ्याच्या कॉलरला इस्त्रीही हिनेच केली.

आठवड्याने गावकचेरीच्या भिंतीवर नकाशा लागला. रेघ रस्त्यापर्यंत आली होती आणि तिथूनच वळली होती. ग्रिवेल बाहेर.

कचेरीतली लिखापढी शाळेचे बुव्रे मास्तर करायचे. ते खाली बघत म्हणाले, "बाई, तिथे मधली काही वर्षं बटाटे होते, असं आंतेल्मनं सांगितलं."

बटाटे होते, खरी गोष्ट. चौदा सालच्या लढाईच्या काळात आंतेल्म आघाडीवर, बायको अंथरुणाला खिळलेली, घरात तीन कच्चीबच्ची. तेव्हा लेओंतीनने ग्रिवेलमधल्या अर्ध्या वेली स्वतःच्या हातांनी उपटल्या आणि बटाटे लावले. भावाच्या पोरांनी चार हिवाळे तेच खाल्ले. तो परत आल्यावर तिने पुन्हा वेली लावल्या. ज्याच्या पोरांसाठी हे केलं, त्यानेच ते समितीला सांगितलं.

तरी तिने भावाची बाजू सोडली नाही. "भाऊ कसला, घरचा भेदी!" असं बेकरीवाली सिदोनी म्हणाली, तेव्हा लेओंतीन तिच्यावर उसळली. "त्यांनी विचारलं, त्यानं सांगितलं. शपथेवर खोटं बोलायचं का माणसानं? आमच्या घरात ती रीत नाही." आपलेच दात, आपलेच ओठ, तिने गिळलं.

हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. लढाईतला खंड माफ होता, पण लढाईआधी तिथे वेली होत्या, अशी लगतच्या मळेवाल्याची सही अर्जावर लागत होती. अर्ज लिहायला ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी मळ्याचा नंबर उतरवून घेण्यासाठी समितीच्या कारकुनाने लिहिलेला त्या दिवसाच्या बैठकीचा कागद काढला आणि वाचता वाचता थांबले.

"काय झालं?"

"बाई, ग्रिवेल आत घेतला होता त्यांनी. माती तीच आहे, आत घ्यावा, असं लिहिलंय. मग समितीच्या साहेबांनी विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचंय का? तेव्हा आंतेल्मनं हात वर केला."

"म्हणजे त्याला कुणी विचारलं नव्हतं?"

"नाही. बैठक संपतच आली होती, असं लिहिलंय."

अर्ज हातात घेऊन ती तडक भावाच्या अंगणात गेली. तो पिंपं धूत होता.

"हात वर केलास म्हणे?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "ताई, सगळाच डोंगर आत घेतला तर नावाला किंमत काय राहणार? रेघ कुठेतरी थांबायलाच हवी."

"माझ्या बांधावर?"

"तुझं काय, एकटा जीव. मला तीन पोरं आहेत."

"ठाऊक आहे. मीच जगवली ती."

तिने अर्ज पिंपावर पसरला. "सही कर. लढाईआधी ग्रिवेलमध्ये वेली होत्या, एवढंच लिहिलंय. खरं बोलायची हौस आहे ना तुला? मग हेही खरंच आहे."

त्याने पँटला हात पुसले, अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "आता हे लिहून दिलं तर गावात मला तोंड दाखवायला जागा राहील का?" असं म्हणून त्याने कागद घडी करून तिला परत दिला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. इथे तिने कागद खिशात घातला आणि घरची वाट धरली.

मुदत संपली. सप्टेंबरात तोडणी आली. पेराशोंच्या मळ्यांत पहिला घड घरातल्या थोरल्या माणसाने कापायचा, मजुरांनी टोप्या काढून मान द्यायचा, मगच बाकीच्यांनी कात्री लावायची. बाप गेल्यापासून तो मान लेओंतीनचा. त्या सकाळी आंतेल्मचे मजूर टोपल्या घेऊन ओळीच्या तोंडाशी उभे राहिले. दव सुकलं, ऊन चढलं, कुणीतरी कुरकुरलं. शेवटी आंतेल्म रस्त्याच्या कडेला आला.

"ताई! अगं, सगळे खोळंबलेत."

ती तीस पावलांवर होती, ग्रिवेलमध्ये. जिला गावाचं नाव लागणार नव्हतं, त्या वाइनचे घड कापत होती.

"ताई, ऐकू येतंय ना?"

तिने ओळ पुरी केली, टोपली उचलली आणि पुढची ओळ धरली. तो मागे वळला. मग मळ्यात गेला आणि पहिला घड त्यानेच कापला. मजुरांपैकी कुणीही टोपी काढली नाही.