मामांचा कान

आमचे मामा गाडी डोळ्यांनी बघतच नाहीत. रंग, सीटकव्हर, किलोमीटरचा आकडा, हे सगळं कुणालाही बदलता येतं, असं त्यांचं ठाम मत. ते इंजिन सुरू करायला लावतात, डोळे मिटून ऐकतात आणि बहुतेक वेळा नकारार्थी मान हलवून चालू लागतात. तरी त्यांनी ऐकल्याशिवाय आमच्यात कुणी जुनी गाडी घेत नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी लागोपाठ तीन गाड्या पास केल्या. स्वतःचा वीस वर्षांचा खटारासुद्धा त्यांना नव्यासारखा वाटायला लागला. तिथे मामीला शंका आली. तिने तिन्ही सौदे थांबवले आणि मामांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. जाताना मामांचं तोंड एवढंसं झालं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही कानांतला मळ काढला, बाकी काही नाही म्हणाले. मामांचा तरी विश्वास बसेना.

परतताना त्यांची गाडी मी चालवत होते. पहिल्याच वळणावर त्यांनी हात वर केला.

"थांब. डावं चाक घासतंय. इंजिनाचा पट्टा किंचाळतोय. सायलेन्सर तर गेलाच."

मी घाबरून बघितलं, तर मामा सीटला निवांत टेकले होते.

"सुटलो गं," ते म्हणाले. "बिघाड गाडीतच आहे."