भांडणाआधीच वकिलाकडं

मंडळी, आज मी अन् माझा दोस्त मिलिंद वकिलाकडं जाऊन आलो. दोघं मिळून आमच्या गावी, वाशीत खव्याची भट्टी टाकतोय. जागा त्याची, कढया माझ्या.

मी आधी नकोच म्हणत होतो. दोस्तीत वकील आणला की संशय घेतल्यासारखं वाटतं ना!

पण आबा, माझे वडील, म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळानंतर मिलिंदच्या बापानं अन् म्या मिळून सोसायटीचं दूध गोळा केलं. सगळं तोंडी. शेड कुणाचं, यावरून फाटलं. तो जाईस्तोवर बोललो न्हाय. लई जीव होता रे आमचा."

वकीलसाहेबांनी विचारलं, "भांडण काय आहे?"

मिलिंद म्हणाला, "अजून न्हाय, साहेब. म्हणूनच आलोय."

वकीलसाहेबांनी लिहून दिलेला कराराचा कागद बघून आबांनी मिलिंदला जेवायला बोलावलंय. आयुष्यात पहिल्यांदाच.

तुमच्या दोस्ताला तुम्ही कधी नेणार वकिलाकडं? बोलणं चालू आहे तोवरच न्या.