ड्रिल मशीन पाहायला निघालेले साडू

सरळ रेषेवर माझ्या मोठ्या साडूंचं जेवढं प्रेम आहे, तेवढं अख्ख्या नागपुरात कुणाचं कुणावर नसेल. कुणाच्या घरी गेले की चहा यायच्या आत ते भिंतीवरचे फोटो सरळ करतात. फोटो संपले की कॅलेंडर. कॅलेंडर संपलं की घरातल्या माणसांकडे बघतात, आणि माणसं आपोआप ताठ बसतात. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आली असताना अंतरपाट एका बाजूने खाली आला, म्हणून त्यांनी चक्क भटजींना थांबवलं होतं. मुहूर्त टळतोय, म्हणून भटजी कळवळले. "टळू द्या न महाराज, पडदा तर सरळ धरा," असं म्हणत यांनी खिशातून दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट काढला आणि तो अंतरपाटाच्या कडेला लोंबता धरला. नवरदेव हार घेऊन उभा, मांडवभर लोकांच्या मुठीत अक्षता, आणि सगळे त्या नटाचं डोलणं थांबायची वाट बघतायत. जन्मभर त्यांनी कन्हानच्या शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीचा आस कललेला आहे, हा धडा आला की सर दर वर्षी मनापासून खिन्न व्हायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

अशा माणसाच्या घरी बंगई वाकडी लागावी! बंगई म्हणजे आमच्याकडचा दोन माणसं बसतील असा फळीचा झोपाळा. हिवाळ्यात ताईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गल्लीभर फिरणारी बाई घरात अडकली. तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली, पोर्चमध्ये एक बंगई, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला. साडूंनी कुलर ठेवायच्या खोलीत आपला कारखाना थाटलेलाच होता. उमेदीने सागाची फळी आणली, रंधली, घासली आणि हातातल्या ड्रिलने चार कोपऱ्यांना चार भोकं पाडली. ती चारही आपापल्या मर्जीने चार दिशांना गेली. बंगई टांगली तेव्हा फाटकाच्या टोकाला बसलेला माणूस दोन झोक्यांत भिंतीच्या टोकाला पोचायचा. मी बायकोबरोबर बसलो आणि सरकत सरकत थेट तिच्या मांडीवर गेलो. आम्हाला हसू आवरेना, पण ताईला त्यावर बसताच येईना. घसरू नये म्हणून पाय रोवायला गुडघा साथ देत नव्हता.

साडूंनी दोष कुणाकुणाला दिला! आधी कडीला, मग स्लॅबला, मग सागाच्या झाडाला आणि शेवटी ते झाड जिथे वाढलं त्या जंगलाच्या उताराला. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ताई त्यांचा कप अर्धाच भरायची आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. एक दिवस त्यांनीच जाहीर केलं, "टेबलावर ठेवाचं ड्रिल मशीन घेऊन राहिलो गा मी. दांडा खाली ओढला का सरळच उतरते ते. पोळ्याच्या आत तुया ताईले बंगईवर बसवतो का नाई पाह्य!"

मग सुरू झाला मशीन पाहण्याचा कार्यक्रम. भर उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टे बांधून आम्ही इतवारी बाजारात हिंडायचो, मी स्कूटरवर पुढे, ते मागे, आणि मधे भोकं पाडून पाहायला आणलेल्या, संत्र्याच्या खोक्याच्या फळकुटांनी भरलेली थैली. मशीन पसंत पडेपर्यंत दुकानाचा चहा प्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. "चहा पेलो का मंग नाई म्हणता येत नाई," असं ते म्हणायचे, आणि माझ्यासमोर आलेला गरम कप परत जायचा. मशीन चालू झालं की ते खिशातून खडू काढून मशीनच्या टेबलावर उभा करायचे. खडू पडला की मशीन नापास. काही मशिनी अशा थरथरायच्या की खडू नाचत नाचत काउंटरखाली जायचा, आणि साडू दुकानदाराकडे असे बघायचे, की तो बिचारा मशीनचा घरी अभ्यास घ्यायचं कबूल करेल असं वाटावं.

पहिल्याच दुकानात उजव्या हाताने दांडा ओढताना त्यांच्या हाताला असा झटका बसला, की ड्रिलचं बारीक टोक कडकन मोडलं. दुकानदाराला वाटलं, मालच कच्चा. साडूंनी तो समज तसाच राहू दिला, पण त्या दिवसापासून खडूच्या जोडीला दुसरी परीक्षा आली. ते डोळे मिटायचे आणि डाव्या हाताच्या एकाच बोटाने दांडा ओढायचे. एका दुकानात खडू पुतळ्यासारखा उभा राहिला, मोटरचा आवाज नाही, मला तर आनंदाने चहाचा वासच यायला लागला. यांनी बोटाने दांडा ओढला आणि मान हलवली.

"जड हाय."

"काहून जड?" मी तडकलो. "मी ओढून पाह्यला. लोण्यासारखा जाते!"

"तू ओढशील गा. तुयं काय!"



पुढच्या खेपेला ते स्कूटर सोडून ऑटो घेऊन आले. आत ताई, काठीसकट. दुकानदाराने बाई बघितली आणि आता भाव पाडला जाणार या धास्तीने पंखा तिच्याकडे वळवला. ताईने टेकायच्या आत चहा घेतला, आल्याची चौकशी केली आणि दुसरा मागवला. साडू दंडक मोडलेला बघत राहिले. त्यांनी तिला मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं, फळकूट आवळलं आणि दांडा तिच्या हातात दिला.

"ओढ वं."

"मी? काय करून राहिले तुमी?"

"ओढ तर."

तिने ओढला. ड्रिल फळकुटात अलगद, सरळ उतरलं.

"गुडघ्यावर जोर आला?"

"नाई."

"खांदा?"

"नाई हो!"

"मंग हे बांधा," ते दुकानदाराला म्हणाले. खडू त्यांनी खिशातून काढलाच नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हातान्हात एका बोटाने हा माणूस बायकोच्या हाताला झेपेल असा दांडा शोधत हिंडत होता. मला इतकं भरून आलं, की दुकानदाराने दिलेला चहा मी न फुंकताच प्यायलो आणि जीभ भाजून घेतली.

पोळ्याच्या दोन दिवस आधी नवी बंगई टांगली. ताई बसली आणि जागच्या जागी बसून राहिली. गल्ली जमली. शेजारचे एक गृहस्थ फळीवरून हात फिरवत म्हणाले, "मानलं सर तुमाले! हात कसा सरळ हाय तुमचा!"

"मंग! हात त्याइचाच हाय," ताई घाईघाईने म्हणाली.

साडू पायरीवर उभे होते. त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला, आणि मग सगळ्यांना दिसेल असा पुढे आणला. तो थरथरत होता.

"हात हिचा हाय," ते म्हणाले. "माहा आता चालत नाई."

वर्षभर त्या घरात कुणी न उच्चारलेलं वाक्य ते भर पोर्चमध्ये बोलून गेले होते. ताईने चांगला पाय टेकवून बंगई थांबवली आणि बाजूला सरकून जागा केली.

"बसा इथं," ती म्हणाली. "उद्या पाट करू. भोक कुठं पाडाचं, ते तुमी सांगा."