उघड्या डोळ्यांची बाई

बाबा आमची भांडणं डोळे मिटून सोडवायचे. शुक्रवारची दुपार असायची. आठवडाभर दुबईच्या जबल अली बंदरावरच्या गोदामातली धूळ खाल्लेले बाबा शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसत. पडदे ओढलेले, एसी गुणगुणतोय, आणि मी नि माझा धाकटा भाऊ समोर उभे. कोण रडतंय ते दिसलं की निकाल चुकतो, असं त्यांचं म्हणणं. निकाल बहुतेक वेळा भावाच्या बाजूने लागे, कारण त्याच्या जिभेचा पट्टा सुटला की थांबत नसे आणि माझी जीभ टाळ्याला चिकटे. मला याचा भयंकर राग यायचा.

नववीत शाळेच्या लायब्ररीत जुन्या नाण्यांचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. त्यातल्या एका रोमन नाण्यावर शांत चेहऱ्याची बाई होती. खाली लॅटिनमध्ये तिचं नाव, युस्तितिया, म्हणजे न्याय. तिच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. ती शेकडो वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी बांधली, असं शेजारी लिहिलं होतं. पुढे कितीतरी दिवस शाळेच्या बसमधून पिवळट धुळीत शहर विरघळताना दिसलं की मला वाटे, त्या धुळीमागून ती पाहतेय. मी बाबांना सांगितलं. ते हसले.

"मग तिला रडणारं पोर दिसत असेल. कसला न्याय करणार ती?"

दोन वर्षांनी रत्नागिरीला आजोबा अंथरुणाला खिळले. आईला परत जाणं भाग होतं. एका मुलाने तिच्यासोबत जायचं, एकाने बाबांजवळ राहायचं, असं ठरलं. आम्हा दोघांनाही इथेच राहायचं होतं. आमचं गाव म्हणजे हेच, दुसरं आम्हाला माहीतच नव्हतं.

बाबा सोफ्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. भाऊ इंग्रजीत बोलत सुटला. क्रिकेटची टीम, मित्र, परीक्षा. सगळं खरं होतं. माझी पाळी आली आणि मला एक शब्द फुटेना. डोळे मात्र वाहायला लागले. मग बाबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"ही राहील," ते म्हणाले.

"दॅट्स नॉट फेअर, बाबा," भाऊ म्हणाला.

"नसेल, राजा. पण मला दिसलं."

मला आनंद झाला, खूप झाला, खोटं कशाला बोलू. विमानतळावर भावाने मागे वळून हात हलवला, तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. तो काचेपलीकडे दिसेनासा होईपर्यंत त्यांनी डोळे घट्ट मिटून ठेवले होते.