दोन बोटं जादा कापड

मास्तरांच्या दुकानातून चाळीस वर्षांत एकही विजार अशी बाहेर पडली नाही, जिच्या मागच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड दुमडलेलं नव्हतं. एखादं उत्साही गिऱ्हाईक म्हणे की कापा ते, उगाच जाड लागतं. मास्तर चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "असू द्या. पोट काही विचारून सुटत नाही." या जादा कापडाला ते मार्जिन म्हणत आणि त्याच्यावर त्यांचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास होता.

माणूसच तसा होता, सगळं हातचं राखून करणारा. अकराला बोलावलं की साडेनऊला हजर. एका बटणाच्या जागी खिशात दोन. बायको दुकानाच्या दाराशी बसून काजं-बटणं करायची आणि म्हणायची, यांना वर बोलावणं आलं तरी हे तासभर आधी जाऊन बाकावर बसतील. मास्तर हसायचे. आता तिने ते म्हणणं बंद केलं होतं.

कारण शौचाला रक्त जात होतं. आणि मास्तरांनी सहा महिन्यांत स्वतःची विजार दोनदा आत घेतली होती, अडतीसची छत्तीस, छत्तीसची चौतीस. कापड सैल पडलंय, असं त्यांनी बायकोला सांगितलं. जन्म कापडात गेलेल्या बाईला ही थाप मारायला धीर लागतो. तिने ऐकून घेतलं.

आतड्यात नळी घालून बघायचं ठरलं. पण मास्तर अकरा वर्षं इन्सुलिनवर. एरवी पोट साफ करायचं म्हणजे एक दिवस उपाशी राहायचं आणि औषध प्यायचं, एवढंच. इन्सुलिनवाल्याला तेवढ्यावर भागत नाही. पोटात अन्न नाही आणि अंगात इन्सुलिन आहे, म्हटल्यावर साखर कुठल्या कुठे खाली जाते. पहिल्या खेपेला तेच झालं. आदल्या रात्री चोवीसऐवजी बारा युनिट घ्यायचे होते. हाताने सवयीने इन्सुलिनचं पेन चोवीसवर फिरवलं आणि टोचलंसुद्धा. पहाटे मास्तर घामाने निथळत, जीभ जड, बायकोचं नाव विचारलं तरी सांगता येईना. साखर अठ्ठेचाळीस. बायकोने दूध पाजलं, केळं भरवलं, आणि तपासणी रद्द झाली. पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळाली.

या खेपेला सिस्टरने दोघांना समोर बसवून कागद वाचून दाखवला. आदल्या दिवशी फक्त गाळलेलं, आरपार दिसणारं पाणी, सूप, सरबत, तेही लाल रंगाचं नको. रात्री निम्मं इन्सुलिन. सकाळी अजिबात नाही, तपासणी होऊन जेवल्यावर बघू. दर दोन तासांनी साखर मोजायची आणि सत्तरच्या खाली गेली तर साखरपाणी प्यायचं. दूध नाही, फळ नाही, दाणे तर मुळीच नाहीत. मास्तरांनी ते सगळं मापाच्या वहीत उतरवलं, छाती-कंबर-उंची लिहितात तिथेच.

बायकोने त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. सूप दोनदा गाळलं. इन्सुलिनचं पेन स्वतःच्या पदराला बांधलं, म्हणजे हाताला सवयीने काही सुचायलाच नको. एकला साखर एकशे अठरा आली, तीनला ब्याण्णव. पाच वाजता मास्तर एका कोटाची बाही जोडायची राहिली म्हणून खाली दुकानात आले आणि एकट्यानेच बोट टोचलं. चौऱ्याऐंशी.

चौऱ्याऐंशी म्हणजे ठीक. कागदावर सत्तर लिहिलं होतं. पण मास्तरांनी एकशे अठरा, ब्याण्णव, चौऱ्याऐंशी असे आकडे एकाखाली एक पाहिले आणि ती उतरण मनात सकाळपर्यंत ओढली. अजून औषध प्यायचं होतं, रात्रीचं इन्सुलिन घ्यायचं होतं. पुन्हा ती जड जीभ. पुन्हा तारीख रद्द. साखरपाणी वर तयार होतं, पण पाण्याचं ते काय मार्जिन, आलं तसं वाहून जाणार. काहीतरी टिकणारं हवं होतं. मशीनखाली खडूच्या डब्यामागे शेंगदाण्यांची पुडी असायची, साखर उतरली तर म्हणून ठेवलेली. मास्तरांनी दोन मुठी खाल्ल्या, सावकाश चावून. मग बाही जोडली. काम छान उतरलं.

रात्रभर साखर शंभराच्या आसपास राहिली. त्यांना वाटलं, जमलं.

सकाळी साडेनऊला दोघं दवाखान्याच्या बाकावर, वेळ अकराची. बारा वाजून गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी बायकोला आत बोलावलं. मास्तर कुशीवर पडले होते, गुंगी उतरत होती, शब्द नीट ऐकू येत होते. नळी निम्म्या वाटेपर्यंतच गेली, त्या सांगत होत्या. पुढे सगळं भरलेलं होतं. वळणापाशी काहीतरी आहे, चांगलं दिसत नाही, पण तपासायला तुकडा काढण्याइतकं स्वच्छ दिसलं नाही. जुन्या मधुमेहात आतडं सुस्त होतं, आदल्या दिवशी खाल्लेलं पुढे सरकत नाही. मग त्यांनी विचारलं, की काल काही खाण्यात आलं होतं का.

"पाण्याशिवाय काही नाही," बायको म्हणाली. "मी दिवसभर यांच्याजवळ होते ना."

मास्तरांनी तोंड उघडायला हवं होतं. ते मूग गिळून पडून राहिले. गुंगीचं निमित्त होतं, पण गुंगी एवढी नव्हती.

पुढची तारीख सात आठवड्यांनी होती. डॉक्टरीणबाईंनी लवकरची मिळते का म्हणून फोन केला, मिळाली नाही. तोवर काही झालं तर लगेच या, म्हणाल्या. काय झालं तर, हे मास्तरांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर बायकोने त्यांना जेवायला वाढलं, सिस्टरने सांगितलेलं इन्सुलिन दिलं आणि गाळणं उजेडात धरून बघत बसली. जाळी मोठी आहे याची, म्हणाली. सुपातला चोथा यातूनच गेला असणार. मग तिने मास्तरांकडे मलमलीचा तुकडा मागितला, अगदी बारीक विणीचा. पुढच्या खेपेला चारपदरी करून गाळते, म्हणजे माझ्यामुळे तुमचं पुन्हा असं व्हायला नको. मास्तर उठले, तुकडा कापला, चारी बाजूंनी दुमडून शिवूनही दिला. इतका वेळ हातात होता. तेवढ्यात एक वाक्य सहज बोलून झालं असतं. त्यांना स्वतःची शरम वाटली आणि शरमेने तोंड आणखीच मिटलं.

दहा दिवसांनी विजार पुन्हा कमरेवरून घसरू लागली. मास्तरांनी फितीने कंबर मोजली, पुन्हा मोजली. फीत खोटं बोलत नाही, आणि चाळीस वर्षं तिच्या जोरावर त्यांनी लोकांना गप्प केलं होतं. बत्तीस. त्यांनी शिवण उसवली, नवी रेघ मारली आणि तीन खेपांचं आत दुमडलेलं सगळं कापड हातात घेतलं. मोठी कात्री उचलली आणि ते कापून टाकलं.

बायकोला चिंध्यांच्या टोपलीत त्या दोन पट्ट्या दिसल्या. विजारीचं कापड तिने लगेच ओळखलं.

"हे का कापलंत?"

मास्तर मशीनकडे बघत होते. "त्या दिवशी पाच वाजता मी दाणे खाल्ले होते," ते म्हणाले. "दोन मुठी. तुझं गाळणं चांगलं होतं."

ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिने विजार मांडीवर घेतली आणि एक पट्टी शिवणीला लावून पाहिली, कडेला कड जुळवून. कापलेलं मार्जिन परत जोडता येत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तरी तिने दोन्ही पट्ट्या घडी घालून बटणांच्या डब्यात ठेवल्या.