चिंचोके

"आधी हात धू. पोरांसमोर धू."

कोऑर्डिनेटर मॅडम माझ्याशी मराठीत बोलायच्या, त्या फक्त अपमान करायला. पोरांना कळू नये म्हणून. पोरांना सगळं कळत होतं.

अबू धाबीतली शाळा, दुसरीचा वर्ग. मी असिस्टंट. रत्नागिरीत बी.एड. केलं, इथे काम आयाचं. पोरांना टॉयलेटला न्यायचं, बुटाची लेस बांधायची. त्या दिवशी वर्गाच्या टीचर आल्या नव्हत्या म्हणून गणित माझ्याकडे आलं. तीन अधिक किती म्हणजे आठ? पोरं त्या रिकाम्या चौकटीकडे नुसती बघत बसली. मग मी पर्समधून चिंचोके काढले. घरच्या चिंचेचे, धुऊन वाळवलेले. लहानपणी आम्ही एकी का बेकी खेळायचो, तसेच. आठ दाखवले, तीन टेबलावर ठेवले, बाकीचे मुठीत लपवले. मुठीत किती?

"फाइव्ह, मिस!" अख्खा वर्ग ओरडला.

तेवढ्यात मॅडम आल्या. मूठ उघडायला लावली. "खाऊन थुंकलेलं हे? तुमच्यात चालत असेल." चिंचोके कचऱ्यात टाकले. बेसिनवर मला हात धुवायला लावले, कोपरापर्यंत. मग वर्गाला इंग्रजीत विचारलं, "आता हिचा हात कोण धरेल?"

एकही हात वर आला नाही. जिची लेस मी रोज बांधते, त्या पोरीने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मीही माझे हात ओढणीत लपवले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभराने इन्स्पेक्शन होतं. मॅडमनी तोच धडा घेतला. तीच मूठ, आत प्लास्टिकचे मणी. मला आधीच बजावलेलं, "दाराशी उभी राहा. तोंड उघडायचं नाही." नवऱ्याचं मुसफ्फातल्या कारखान्यातलं काम सुटलं होतं. घर माझ्या पगारावर चाललेलं.

इन्स्पेक्शनला आलेल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, कुठून सुचलं?

मॅडम हसल्या. "माय ओन आयडिया."

मी दारातून पुढे गेले. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे मी शिकवलं, चिंचोक्यांनी. यांनी ते कचऱ्यात टाकले आणि पोरांसमोर मला हात धुवायला लावले."



संध्याकाळी एचआरवाला म्हणाला, "माफी लिहून द्या, खलास." नवरा फोनवर म्हणाला, "दे ना लिहून. तुझं काय जातं?"

काय जातं ते त्याला कसं सांगू?

नाही लिहून दिली. नोकरी गेली, व्हिसाही जाईल. उद्या दुसऱ्या शाळेत टॉयलेटचंच काम मिळालं तरी करीन. पण पर्समध्ये चिंचोके असतील. आणि कुठल्याही मॅडमच्या सांगण्यावरून हे हात मी पुन्हा धुणार नाही.